बोलिंगच्या बॅगवाले गुरुजी

कुणी कॉन्फरन्सला निघालं की अच्युतकाका त्याच्याकडे एकच वस्तू मागायचे, हॉटेलातली शॉवर कॅप. साबण नको, शांपू नको, ते त्यांच्याकडे खोक्यांनी होतं. शॉवर कॅप मात्र पुरायच्या नाहीत. आमच्या भागात कुणाकडे होम असला की काका आधी खुर्चीवर चढायचे आणि छतावरच्या स्मोक अलार्मला टोपी घालायचे. खाली पितांबर, वर पार्का म्हणजे बर्फातलं जाड जाकीट, पायांत पांढरे स्निकर्स, असा तो अवतार खुर्चीवर डुगडुगत उभा असायचा आणि शैलाकाकू खालून खुर्ची धरून म्हणायच्या, "पडाल हो. एकदा पडलात की मला पुरे आहे." अलार्म झाकला की काका उतरून हात झटकायचे. "चला, अग्निदेवांचा रस्ता मोकळा. यजमान कुठे आहेत?"

मी आणि माझा नवरा मिलिंद न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहायला आलो ते २००३ साली. दोघंही आयटीत, दोघंही व्हिसावर, ओळखीचं कुणी नाही. इंडियन ग्रोसरीत पोहे घेताना एक गृहस्थ मागून म्हणाले, "जाडे घेऊ नका, शिळे आहेत." ते काका. पोह्यांवरून आमचं गाव निघालं, गावावरून आडनाव, आणि दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी पिठलंभात जेवत होतो. माणूस असा अंगावर यायचा, त्याला इलाज नव्हता.

त्यांची सगळी पिढीच तशी. स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेली, सत्तर सालाच्या सुमाराला एक सुटकेस घेऊन इथं उतरलेली. माझ्या ऑफिसात त्याच वयाचा एक गोरा मॅनेजर होता, पुढे टक्कल आणि मागे पोनीटेल. तो लंचला बसला की सांगायचा, आम्ही बेबी बूमर लोकांनी, म्हणजे महायुद्धानंतर जन्मलेल्यांनी, जग बदललं. काकाही तेच सांगायचे, फक्त कोथिंबिरीपासून सुरुवात करून. "आम्ही आलो तेव्हा इथं कोथिंबीर मिळत नव्हती." हे वाक्य आलं की अर्ध्या तासाची निश्चिंती. आम्ही आलो तेव्हा कस्टमवाल्याने हिंगाची डबी उघडली आणि तिघं जण मागे सरले. आम्ही आलो तेव्हा लोक विचारायचे, हत्तीवरून शाळेत जायचात का. तुम्हाला काय, सगळं आयतं मिळालं. गाडीत बसल्यावर मिलिंद म्हणायचा, "यांनी कोथिंबीर आणली यार, आणि आता ती आपण जन्मभर ऐकायची." आमचा मॅनेजर काय आणि काका काय, आपल्याला येत नाही असं जगात काही असू शकतं, ही शंका दोघांनाही कधी शिवली नव्हती.

त्यांच्याबरोबर दुकानात जायचं मी शक्यतो टाळायचे. एकदा मार्च महिन्यात ते बर्फ काढायचं फावडं परत करायला निघाले आणि मला बरोबर घेतलं. फावडं अख्खा हिवाळा वापरलेलं, कड झिजलेली. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं. काका म्हणाले, "हिवाळा संपला. आता मला नको." खोटं बोलायला काय जात होतं? तुटलं म्हणायचं, लहान पडलं म्हणायचं. मी शेजारच्या रांगेत जाऊन कुंड्यांच्या किमती बघत राहिले, जणू या माणसाला मी ओळखतच नाही. मुलीने फावडं परत घेतलं. परत येताना काका मला म्हणाले, "खरं बोललं की लोक ऐकतात. आपली माणसं उगाच घाबरतात."

ते गुरुजी कसे झाले ती गोष्ट त्यांनी आम्हाला पहिल्याच जेवणात सांगितली होती. काका केमिकल इंजिनिअर. रंगांच्या कंपनीत नोकरी. त्यांनी पहिलं घर घेतलं तेव्हा वास्तुशांत करायला अख्ख्या राज्यात मराठी भटजी नाही. मग त्यांनी सांगलीला वडिलांना लिहिलं, वडिलांनी घरच्या उपाध्यायांना बोलावून एक कॅसेट भरून पाठवली. काका ती गाडीत लावून ऑफिसला जायचे आणि लावून परत यायचे. एका हिवाळ्यात दोन्ही बाजू पाठ. स्वतःची वास्तुशांत स्वतःच केली. ती बघून शेजारच्यांनी बोलावलं, मग त्यांच्या मेहुण्याने, लग्न-मुंजीचं पुस्तकं मागवून शिकले, आणि पुढे न्यू जर्सीत मराठी माणसाचं घर असो, मुंज असो, लग्न असो, काका पितांबर नेसून हजर. दक्षिणा घ्यायचे नाहीत. पूजेचं सामान एका जुन्या बोलिंगच्या बॅगेत असे. ज्या खणात बोलिंगचा बॉल ठेवायचा त्या खणात तांब्याचा कलश अगदी बेतल्यासारखा बसायचा, आणि ते सगळ्यांना दाखवल्याशिवाय ते बॅग मिटत नसत.

इथं जे मिळत नाही त्याला पर्याय शोधणं हा त्यांचा खरा आनंद. होमकुंड म्हणजे टर्की भाजायचा अॅल्युमिनियमचा ट्रे. दूर्वा म्हणजे मागच्या लॉनचं गवत. आंब्याच्या डहाळीऐवजी रोडोडेंड्रॉनची पानं, शेजाऱ्याच्या कुंपणावरून सांगून तोडलेली. कुणी म्हटलं, काका, ही आंब्याची नाहीत, तर म्हणायचे, "लांबून आंब्याचीच वाटतात. देव लांबूनच बघतो." हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

एकदा एका लग्नात अलार्मची टोपी उष्णतेने वितळली आणि अग्निशमनवाले सायरन वाजवत आले. हॉलचा मॅनेजर पांढराफटक, मुलाची आई रडायला लागलेली. काकांनी हेल्मेटवाल्या चौघांना पाटांशेजारी उभं केलं, सप्तपदी पूर्ण केली, प्रत्येक पावलाचा अर्थ त्यांना इंग्रजीत सांगितला आणि शेवटी त्यांच्या हातांवर लाडू ठेवले. त्यातला एक जण लाडू खात म्हणाला, इट्स ब्यूटिफुल. ही गोष्ट काका आयुष्यभर सांगत राहिले, आणि खरं सांगते, मला ती दर वेळी आवडायची.

अर्थ सांगायची त्यांना फार हौस. मुलं समोर बसलेली असली की मंत्र थांबवून सायन्स सुरू. आणि प्रत्येक कार्यात शेवटाकडे एक भाग यायचा, त्यात ते कधी मध्ये बोलायचे नाहीत. आवाज खाली यायचा, डोळे मिटायचे, एकेक शब्द सावकाश. तो संपला की डोळे उघडून मुलांना सांगायचे, "धिस इज अबाउट एनर्जी. काही नष्ट होत नाही, फक्त रूप बदलतं." कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा भाग होता तो. त्यांना सगळ्यांत आवडता.

२००५च्या वसंतात आम्ही टाउनहाउस घेतलं. आई सहा महिन्यांसाठी आली होती, म्हणून वास्तुशांत तिच्या देखत करायची ठरवली. चाळीसएक माणसं, दारात चपलांचा ढीग, ओव्हनमध्ये गरम राहायला ठेवलेल्या पुरणपोळ्या. काकांनी अलार्मला टोपी घातली, कलश दाखवला, पूजा सुरू केली. आई पुढेच बसली होती, हात जोडून, खूश. आवडता भाग सुरू झाला तसे काकांचे डोळे मिटले. मी पण मिटले. उघडले तेव्हा आई जागेवर नव्हती. ती स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी होती, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, धुराने असेल.

पाहुणे गेल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "अगं, हे पिंड ठेवताना म्हणतात."

"काय?"

"शेवटी जे म्हणाले ते. श्राद्धाचं आहे ते. आधीचं सगळं बरोबर होतं, गोड म्हणतात. मध्येच श्राद्ध सुरू झालं."

"तुला नक्की माहीत आहे?"

"भटाची लेक आहे मी. वाईला पितृपक्षात आमच्या घरी दुसरं काही ऐकूच यायचं नाही. आम्हा मुलींना शिकवलं नाही, पण कानांत बोळे घाला असंही कुणी सांगितलं नाही."

मिलिंदला आधी समजेना. समजल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि हसत सुटला. "म्हणजे आपल्या नव्या घराचं वर्षश्राद्ध झालं आज?" मग मलाही हसू फुटलं. आई मात्र हसली नाही. हळूहळू आम्हीही थांबलो, कारण माझ्या डोक्यात दुसरंच येऊ लागलं होतं. चाळीस माणसं बसली होती त्या खोलीत. पुण्याची, मुंबईची, नागपूरची. सगळी शिकलेली, आपल्या संस्कृतीवर मुलांना लेक्चर देणारी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर डोळे मिटून हात जोडले होते. मला इतकी लाज वाटली की मी उठून भांडी घासायला लागले.

काय झालं असणार ते उघड होतं. एका बाजूला वास्तुशांत भरली, टेप उरली, तर तिकडे मुलाला पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून उपाध्यायांनी श्राद्ध भरून दिलं. काकांनी कॅसेट उलटली आणि पुढचं ते मागच्याचंच समजून पाठ केलं. आईवडिलांची श्राद्धं त्यांचा थोरला भाऊ सांगलीत करायचा, त्यामुळे यांच्या कानांवर ते दुसरीकडे कुठे पडायचा प्रश्नच नव्हता. आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या आईवडिलांना कळलं नसेल असंही नाही. पण परक्या देशात, मुलाच्या घरात, उपाशीपोटी फुकट पूजा सांगणाऱ्या माणसाला तोंडावर कोण बोलणार? सहा महिन्यांचे पाहुणे. ऐकलं असेल आणि गिळलं असेल.

आम्हीही गिळणारच होतो. पण पुढच्याच आठवड्यात काका पेढे घेऊन आले. त्यांच्या मेघनाचं लग्न ठरलं होतं. मेघना बॉस्टनला वकील, मुलगा ब्रायन, लग्न ऑगस्टमध्ये. ती लहान असल्यापासून काका सांगायचे की हिचं लग्न मीच लावणार. लोक चिडवायचे, मग कन्यादान कोण करणार? "दोन्ही मीच. इकडून विचारीन, तिकडे बसून उत्तर देईन." त्या दिवशी ते खरंच तसे खुशीत होते. सोफ्यावर बसून आईला म्हणाले, "ताई, तुम्ही ऑगस्टपर्यंत आहात ना? मग लग्नाला यायचंच. माझं शेवटचं कार्य. त्यानंतर बॅग माळ्यावर."

आईने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, जाऊ दे आई, नको. मी तिच्याकडे बघत होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती म्हणाली, "अच्युतराव, तुम्ही शेवटी म्हणता ना, ते जरा म्हणाल का?"

काका खूश झाले. कप खाली ठेवला, डोळे मिटले, म्हणायला लागले. दोन ओळी झाल्यावर श्वास घ्यायला थांबले, तेव्हा पुढची ओळ आईने म्हटली. हळू, खालच्या आवाजात. मग त्यापुढची. काकांनी डोळे उघडले.

"तुम्हाला येतं?"

"आमच्या अण्णांचं ऐकून येतं," आई म्हणाली. "अच्युतराव, हे श्राद्धातलं आहे. पिंडांच्या वेळचं. तुमची काही चूक नाही. पण पोरीच्या डोक्यावर हे नको."

 काकांनी एकदाच विचारलं, "नक्की?" आईने मान हलवली. त्यांनी पाणी मागितलं. ग्लास घेतला, प्यायले नाहीत. "मी लोकांच्या घरांत जाऊन..." एवढंच म्हणाले. मग उठले आणि चालू लागले. पार्का आमच्याच खुर्चीवर राहिला. मिलिंद तो घेऊन मागे धावला तेव्हा काका गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसलेले, गाडी सुरूच केलेली नव्हती. तो खिडकीवर टकटक करायला धजला नाही. पार्का मागच्या सीटवर ठेवून परत आला.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कुणाला काय कळणार होतं? पण हा फावडं परत करणारा माणूस. त्यांनी फोन करायला सुरुवात केली. ज्यांची घरं शांत केली, ज्यांची लग्नं लावली, मुंजी लावल्या, त्या सगळ्यांना. पहिला फोन आम्हालाच. "माझ्या हातून चूक झाली आहे. देवळात आता चांगले गुरुजी आलेत, त्यांच्याकडून वास्तुशांत परत करून घ्या. खर्च माझा." मी म्हटलं, "काका, काही गरज नाही हो." ते म्हणाले, "गरज आहे," आणि फोन ठेवला.

आठवडाभरात सगळीकडे तोच विषय. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, लोक हसून लोटपोट. ज्याचं लग्न काकांनी लावलं होतं असा एक जण बायकोकडे बघून म्हणाला, "तरीच!" आणि बायको म्हणाली, "मी पण तेच म्हणणार होते." एका घटस्फोटिताने काकांना उलट विचारलं, मग माझं लग्न झालंच नव्हतं असं वकिलाला सांगू का? मी पण हसले, खोटं कशाला सांगू. हसताना प्लेटमधली भजी गार झाली आणि मला पुन्हा ती लाज वाटली.

पण सगळ्यांत जास्त लोक जे म्हणाले ते वेगळंच. शैलाकाकूंनी मला सांगितलं. "दहातले नऊ जण म्हणतात, काका, सोडा हो, कुणाला कळतंय त्यातलं. धीर द्यायला म्हणतात गं. पण हे फोन ठेवून तसेच बसून राहतात. मला म्हणाले, शैला, कुणी ऐकतच नव्हतं. कुणी चिडलं असतं तर बरं वाटलं असतं."

मेघना बॉस्टनहून आली ती त्यांच्याशी भांडायलाच. मी निमंत्रणांची पाकिटं भरायला मदत म्हणून गेले होते, त्यामुळे ऐकलं. "बाबा, यू डू इट. आय डोन्ट वॉन्ट अ स्ट्रेंजर."

"नाही बेटा."

"तो पार्ट स्किप करा ना. जस्ट स्किप इट."

"मला आता कशाचीच खात्री नाही."

"बाबा, नोबडी विल नो."

"तेच तर," काका म्हणाले.

ती रागावून खोलीत निघून गेली. जाताना म्हणाली, तुम्ही बूमर लोक एवढं सगळं बिघडवून ठेवता, कशाबद्दल सॉरी म्हणत नाही, आणि म्हणायचंच तर हे सापडलं? काका पाकिटांवर तिकिटं चिकटवत राहिले. सरळ, एका रेषेत.

लग्नाच्या दिवशी हॉल भरलेला. ब्रायनचे आईवडील पहिल्या रांगेत, त्याची आई फेट्यासारखी हॅट घातलेली. देवळातले गुरुजी नाशिकचे, तरुण, शांत, कानाला ब्लूटूथ, आधी तो काढून खिशात ठेवला. त्यांना सगळी हकीकत ठाऊक होती. काकांशी ते फार आदराने वागत होते, प्रत्येक गोष्ट विचारून करत होते, आणि त्याने काका आणखीनच लहान होत होते. सूट घालून आले होते ते. मी त्यांना कार्यात सूटमध्ये पहिल्यांदाच बघितलं. दारात उभं राहून अक्षता वाटत होते आणि ज्या ज्या जोडप्याचं लग्न त्यांनी लावलं होतं त्यांना सांगत होते, "आज देवळातले गुरुजी आहेत. काळजी नाही." लोक हसून पाठीवर थाप मारत होते. मी अक्षता घेतल्या आणि पुढे जाऊन आईशेजारी बसले.

मुहूर्त उशिराचा, म्हणून कन्यादान आधी ठेवलं होतं, त्याला काका बसले. गुरुजी शब्द देत होते, काकांनी मागून म्हणायचं. ओठ हलताना दिसत होते, आवाज पहिल्या रांगेपर्यंतही आला नाही. मग अंतरपाट धरला. अलीकडे मेघना, पलीकडे ब्रायन. मंगलाष्टकं सुरू झाली. एक झाल्यावर गुरुजी थांबले, मंचाच्या कडेला गेले आणि माइक काकांपुढे धरला. मंगलाष्टकं काकांची स्वतःची होती, त्यांच्या आईकडून लहानपणी आलेली, त्यांचा कॅसेटशी काही संबंध नव्हता. सगळ्या हॉलला ती ठाऊक होती. मेघनाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. हातांत हार तसाच धरलेला. "बाबा," ती म्हणाली.

काकांनी हाताने माइक बाजूला केला. पण तो सुरू होता, त्यामुळे ते जे पुटपुटले ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"नको. माझं चुकेल."

कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी आईने मान खाली घातली. तिच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. गुरुजी अंतरपाटापाशी परत गेले आणि पुढचं मंगलाष्टक त्यांनीच म्हटलं. त्यांचं सगळं बरोबर होतं.